घरची खातेवही : आग्रह आणि आहेर

आषाढी एकादशी उलटली म्हणजे आपल्या घरांतील दिनदर्शिकेचे रूप पालटू लागते. श्रावणातले सोमवार-शुक्रवार, मंगळागौर, नारळीपौर्णिमा, पाठोपाठ गौरी-गणपती, मग पितृपक्ष, नवरात्र, कोजागरी आणि दिवाळी. आणि तुळशीचे लग्न लागते न लागते तोच माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू. ह्या पाच-सहा महिन्यांत चांगल्या खात्यापित्या घरांतूनही दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पैसा पुरत नाही ही एक आणि पथ्य टिकत नाही ही दुसरी. व्यायाम सुटला ही तिसरी. पण ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी तक्रारही म्हणत नाही.

ह्या तिन्ही गोष्टींचा विचार आपण निरनिराळा करितो. पैशाचा हिशेब वहीत किंवा हल्ली भ्रमणध्वनीत असतो, पथ्याचा कागद डॉक्टरांच्या फायलीत असतो आणि व्यायामाचा संकल्प ज्याच्या त्याच्या मनात असतो. परंतु ह्या तिघांनाही एकदम खिंडीत गाठणारी जी चौथी गोष्ट, म्हणजे माणसांचे येणेजाणे, तिचे खाते आपण कोठेच मांडीत नाही. येणेजाणे प्रेमाचे असते आणि प्रेमाचा हिशेब मांडणे आपणांस कोतेपणाचे वाटते. ह्या अंकी आमचे म्हणणे एवढेच आहे की, तो हिशेब आपण आजही मांडीतच आहो. फक्त मापे चुकीची घेतली आहेत. ताटातला आग्रह हे एक माप आणि पाकिटातला आहेर हे दुसरे. ही दोन मापे टाकून दिली, तर एकही माणूस न तोडता प्रकृती आणि संसार ही दोन्ही सावरता येतात.

प्रथम ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत २०२१ सालापुरता असा अंदाज दिला आहे की, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरांत हे प्रमाण शेकडा १६.४ आणि खेड्यांत शेकडा ८.९ पडले. म्हणजे शहरातल्या पंगतीत वीस पाने मांडली, तर त्यांपैकी तीन पानांवर मधुमेही बसला आहे असे सरासरीने धरून चालावे. वाढणाऱ्यास ती तीन पाने ओळखता येत नाहीत. कित्येकदा त्या पानांवर बसलेल्यांसही ते ठाऊक नसते.

आता पुरणपोळीचा साधा हिशेब करून पाहू. अर्धा किलो हरभऱ्याच्या डाळीस अर्धा किलो गूळ घातला आणि त्या पुरणाच्या वीस पोळ्या झाल्या, तर प्रत्येक पोळीत २५ ग्रॅम गूळ आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, तिच्याप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक मिळावेत आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक बरे. हा पाच टक्क्यांचा आकडा साधारण माणसाच्या बाबतीत २५ ग्रॅमच्या आसपास येतो. गूळ पिवळा असला व साखर पांढरी असली, तरी ह्या मोजणीत दोघांची जात एकच. तात्पर्य, एक पोळी म्हणजे दिवसाची सगळी शिदोरी. ती खाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ती जरूर खावी, तूप घालून खावी, आणि तिच्यासाठी त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा घ्यावा. अडचण पहिल्या पोळीची कधीच नसते. ती असते तिसऱ्या पोळीची. आणि तिसरी पोळी बहुधा भुकेने मागितलेली नसते, आग्रहाने वाढलेली असते.

आपले परंपरागत पान ह्या बाबतीत फार शहाणे होते. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या; मधोमध वरणभाताची मूद. तिखट-मीठ चिमटीने वाढावयाचे, भात मुदीने वाढावयाचा आणि भाजी पुन्हा पुन्हा फिरवावयाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत २,००० उष्मांकांच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. धान्य-डाळीचे हे वजन कच्च्या जिनसांचे समजावयाचे. तीन भाग धान्यास एक भाग डाळ आणि धान्याहून भाजी अधिक, असा त्याचा मथितार्थ. आपल्या घरांत आज काय दिसते? पाहुण्यांची संख्या वाढली की वरण पातळ होते, कोशिंबीर चमचाभर उरते आणि भात, पोळ्या व गोड पदार्थ मात्र दुप्पट होतात. पानाची मांडणी जुनी राहिली, प्रमाणे उलटी झाली.

ह्या संस्थेचा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका खोलीत प्रयोगशाळा थाटली. तीच पुढे वाढत गेली, १९५८ साली हैदराबादेस आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. बेरीबेरी हा सडलेल्या, पॉलिश केलेल्या तांदळावर भर देणाऱ्यांना एका जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी प्रश्न अभावाचा होता. आज त्याच संस्थेला अभाव आणि अतिरेक ह्या दोहोंशी एकदम झुंजावे लागते, आणि पुष्कळदा हे दोन्ही एकाच छपराखाली नांदत असतात. घरातल्या गृहस्थांच्या रक्तात साखर अधिक आणि गृहिणीच्या रक्तात लोह कमी, अशी घरे काय थोडी आहेत?

उपवासाच्या दिवशी तरी पोटाला विसावा मिळावा, तर तेथेही 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण खरी करण्याकडे आपला कल. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग ती आपल्याकडे आली. तेव्हा आज ज्याला आपण सनातन फराळ समजतो, तो पाच शतकांहून जुना असणे शक्य नाही. हे सांगण्याचा हेतू कोणाच्या श्रद्धेस धक्का देण्याचा नाही. बदल करणे हे धर्माविरुद्ध नाही, एवढेच त्यातून घ्यावयाचे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र. त्याच्या वाटीभर खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर आणि एखादे फळ घेतले, तर उपवासही घडतो व दुपारी डोळ्यांवर झापडही येत नाही. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी कडक उपवास आपल्या मनाने मुळीच धरू नये. काही औषधांच्या जोडीला उपाशीपणा आला म्हणजे रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. डॉक्टरांना आधी विचारणे हाच त्या दिवशीचा नियम समजावा.

आता मूळ मुद्दा. यजमानांनी पोळ्यांचे ताट घेऊन स्वतः पंगतीत यावे, "एवढी एक तरी घ्यावीच लागेल" म्हणावे, पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरावेत आणि तरीही पोळी पानात पडावी, ह्या सोहळ्याचे आपल्याला मोठे कौतुक. ह्या चालीला एके काळी अर्थ होता. रोजचे जेवण बेताचे, गोडधोड वर्षातून मोजक्या वेळी, आणि पाहुणा कोस-दोन कोस पायी चालून आलेला. तो भिडेपोटी अर्धपोटी उठू नये, म्हणून यजमानाने त्याची भीड मोडावयाची; हा आग्रहामागचा हेतू. आज पाहुणा मोटारीतून येतो, येताना न्याहारी करून येतो आणि गोड त्याच्या घरी रोजच असते. कारण नाहीसे झाले, चाल मात्र उरली. इतकेच नव्हे, तर तिने आपली दिशाही फिरविली. पूर्वी आग्रह पाहुण्याची भीड मोडीत असे. आता तो पाहुण्याच्या भिडेचाच फायदा घेतो. ज्याच्या खिशात मधुमेहाची गोळी आहे त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. चारचौघांत आपले दुखणे सांगावे, नाहीतर पोळी खावी. बहुतेक लोक पोळी पत्करतात.

"एका दिवसाने काय होते?" हे ह्या प्रसंगी ठरलेले वाक्य आहे आणि ते खरेही आहे. पण श्रावणापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सणवार, वाढदिवस, सत्यनारायण, डोहाळजेवणे आणि कचेरीतल्या पार्ट्या ह्यांची एकदा बोटे मोडून बेरीज करावी. पंधरवड्यातून तीनदा असा योग आला असे धरले, तरी पाच महिन्यांत तीस दिवस भरतात. ज्याला आपण एक दिवस म्हणतो तो वस्तुतः एक संबंध महिना असतो.

माप आवरले म्हणून माया आटत नाही, ह्याचा अनुभव आपल्या समाजाने घेतलेला आहे. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि धान्य माणशी मोजून मिळू लागले. १९६५ साली अन्नटंचाईच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी देशाला सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याची विनंती केली आणि असंख्य घरांनी ती पाळली. त्या वर्षांतही मुंजी लागल्या, लग्ने झाली, माहेरवाशिणी माहेरी आल्या. पानातले कमी झाले म्हणून कोणाचा जिव्हाळा कमी झाला नाही. टंचाईने जे सक्तीने शिकविले ते सुबत्तेत आपण आपखुशीने का शिकू नये?

ह्या सगळ्या धामधुमीत जिच्या पानाकडे कोणाचेच लक्ष नसते, ती म्हणजे घरची गृहिणी. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या अंगी रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ५४ च्या वर होते. पंगती उठवून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भात असतो, गोडही असते. पण पालेभाजी, उसळ आणि कोशिंबीर बहुधा संपलेली असते. त्यावर ती लगेच कपभर चहा घेते. चहातील द्रव्ये अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत, आणि लिंबातले 'क' जीवनसत्त्व ते अंगी लागण्यास मदत करिते. पानाच्या डाव्या बाजूची लिंबाची फोड शोभेसाठी नाही, ती भाजी-उसळीवर पिळावयाची आहे. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. आणि पहिली पंगत बसण्यापूर्वीच गृहिणीच्या वाटणीची भाजी व उसळ झाकून बाजूस काढावी. ह्याला पैसा लागत नाही, आठवण लागते. आणि ती आठवण ठेवण्याचे काम घरातील पुरुषांनी व मुलांनी अंगावर घ्यावे.

आता पाकिटाकडे येऊ. आहेर ही मुळात मदत आहे. एका घरावर कार्याचा बोजा पडला तर चार घरांनी तो थोडथोडा उचलावा आणि उद्या त्यांच्याकडे कार्य निघाले म्हणजे ह्या घराने उचलावा, असा हा परस्परांचा व्यवहार. कित्येक घरांत आहेराची स्वतंत्र वही असते आणि परत करताना त्यांनी काय केले होते हे तीत पाहिले जाते. म्हणजे प्रेमाचा हिशेब मांडू नये असे म्हणणाऱ्यांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविला आहे! ह्या वहीला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तीतल्या चढत्या कमानीला. त्यांनी पाचशे एक दिले, म्हणून आपण एक हजार एक द्यावयाचे. मग त्यांना दीड हजारांच्या खाली येता येत नाही. अशा रीतीने दोन्ही घरांवर मिळून असा बोजा चढतो की तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ज्याला गरज नाही त्याला पाकीट मिळते, आणि ज्याला गरज आहे तो लाजेने कार्यालाच जात नाही. निव्वळ पाकिटापायी एखादा भाचा किंवा पुतण्या मामा-काकांच्या घरचे कार्य चुकवितो, ह्याहून आहेराचा मोठा पराभव तो कोणता?

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एका घराला वर्षातून पंधरा प्रसंग येतात आणि प्रत्येकी आहेर, जाणेयेणे व वरखर्च मिळून दोन हजार रुपये लागतात असे धरू. वर्षाचे तीस हजार, म्हणजे महिन्यास अडीच हजार झाले. हा आकडा प्रत्येकाचा निराळा असेल. पण तो काही तरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. वहीत तो नसला म्हणजे तो बचतीतून जातो. त्याच घराने दरमहा दोन हजार रुपये न चुकता बाजूस टाकिले आणि त्यांवर दरसाल दरशेकडा सात व्याज धरले, तर पंधरा वर्षांत ३ लाख ६० हजारांच्या भरण्याचे सव्वासहा लाखांच्या आसपास होतात. ह्यातली गोम व्याजापेक्षा 'न चुकता' ह्या शब्दांत आहे. सणासुदीचे चार महिने दरवर्षी चुकले, तर पंधरा वर्षांत साठ हप्ते, म्हणजे पाच वर्षांचा भरणाच नाहीसा होतो. यास्तव पगार हाती येताच आधी बचत, मग येणेजाण्याची ठरीव रक्कम, आणि त्यानंतर उरलेला घरखर्च, असा क्रम ठेवावा. येणेजाण्याची रक्कम संपली म्हणजे जाणे थांबवू नये. आहेर थांबवावा आणि रिकाम्या हाताने पण वेळेवर जावे. मांडव उभारण्यास, वाढण्यास, म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून घरी पोहोचविण्यास ज्याचे हात लागले, त्याचे पाकीट कोणी मोजीत नाही.

येथे भिशीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कारण मैत्री, पैसा आणि खाणे ही तिन्ही तीत एकत्र येतात. बारा जणींनी दरमहा हजार रुपये टाकावेत आणि ज्या महिन्यात जिची चिठ्ठी निघेल तिने बारा हजार न्यावेत, ही तिची साधी रीत. पहिली चिठ्ठी जिची निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळते, आणि शेवटची जिची निघते ती इतरांना बिनव्याजी कर्ज देते. ह्यात लबाडी काही नाही. पण तीत व्याज नाही आणि विश्वासाखेरीज दुसरे तारणही नाही, हे समजून असावे. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. तसे भिशीला नाही. म्हणून भिशी ओळखीच्या मैत्रिणींची, लहान रकमेची आणि ठरलेल्या मुदतीची असावी, आणि तिला आपली बचत समजू नये. ती भेटण्याचे निमित्त आहे. हे निमित्त हॉटेलातल्या बटाटेवड्यांवर आणि आइस्क्रीमवर खर्च व्हावे, की आणखी कशावर, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर व्यायामाच्या खात्यात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, आणि ६५ वर्षांवरील मंडळींनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यास. ह्यांत आपल्याला परके काय आहे? अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. १९२४ साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम सुरू झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानच्या शाळांतून चालू केले, आणि त्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. जमिनीवर जेवढी सतरंजी मावते तेवढीच जागा ह्या व्यायामाला पुरते. ज्यांचे गुडघे किंवा कंबर तक्रार करिते, त्यांनी नमस्काराऐवजी चालावे. स्वयंपाकघरातल्या धावपळीने अंग दमते हे खरे. पण अंग दमणे निराळे आणि अंगात बळ येणे निराळे. म्हणून गृहिणीलाही स्वतःची अर्धी घटका हक्काने मिळाली पाहिजे.

जेवणानंतरच्या शतपावलीला आपण वृद्धांची खोड समजतो. वास्तविक ती पंगतीवरचा सर्वांत स्वस्त उतारा आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणामागून चढणारी साखर दहा-पंधरा मिनिटांच्या सावकाश चालण्यानेही आटोक्यात येते. तेव्हा पाहुणे जेवून उठले म्हणजे त्यांना दूरदर्शनसंचासमोर बसविण्यापेक्षा विड्याचे तबक फिरवावे आणि सर्वांनी मिळून कोपऱ्यापर्यंत जाऊन यावे. गप्पा चालताना अधिक रंगतात. भिशीच्या बारा जणींनी पुण्यास पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढाव्यात, मुंबईस शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या घालाव्यात, नागपुरास अंबाझरी तलावाच्या काठाने व पणजीस मिरामारच्या वाळूवरून चालावे. आणि शेवटी फुटाणे व ताक घ्यावे. महिन्याची भेट तीच, मैत्रिणी त्याच, फक्त बिलाचा कागद येत नाही.

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल की, मग आमंत्रणे न स्वीकारणे हेच सर्वांत सोपे. पैसाही वाचला, पथ्यही राहिले. हा मार्ग पुष्कळ घरांनी न बोलता पत्करिला आहे, आणि आमच्या मते तो ह्या सर्वांत महागडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांवरील आयोगाने जून २०२५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. जगात सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असावा, असा अंदाज त्यात दिला आहे. एकाकीपणाने हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह ह्यांचाही धोका वाढतो असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पुरणपोळी चुकविण्यासाठी ज्याने माणसेच चुकविली, त्याने पुढच्या दाराने घालविलेला रोग मागच्या दाराने घरात घेतला. आणि हा रोग आपल्याच घरांत अधिक शिरकाव करीत आहे. मुले अमेरिकेत वा जर्मनीत, घरी दोघे वृद्ध किंवा दोघांपैकी एकच; दिवसातून एकदा पडद्यावर नातवाचे तोंड दिसते, आणि उरलेल्या वेळी दाराची घंटा वाजते ती सामान पोहोचविणाऱ्या मुलाने वाजविलेली. अशा घराला श्रावणातल्या एका आमंत्रणाची किंमत किती, हे हिशेबाच्या कोणत्याही वहीत मावणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. महिना लागण्यापूर्वीच्या रविवारी घरातील सर्वांनी पंचांग, आलेल्या पत्रिका आणि वही घेऊन अर्धा तास बसावे. पहिल्या रकान्यात प्रसंग लिहू नयेत, माणसे लिहावीत. ह्या महिन्यात आपल्याला कोणाकोणाला भेटावयाचे आहे? मग प्रत्येक नावापुढे भेटीची रीत लिहावी : जेवण, चहा, फिरणे, की नुसते तासभर जाऊन बसणे. जेवणाच्या भेटी आठवड्यास एकीहून अधिक झाल्या, तर एखादीचे रूपांतर फिरण्यात करावे. दुसऱ्या रकान्यात खर्च लिहावा आणि तो ठरविलेल्या रकमेत बसवावा. तिसऱ्यात त्या दिवशीचे दुसरे जेवण लिहावे : मुगाची खिचडी, भाजी आणि ताक. आणि यादीत एक नाव असे असावे, की ज्याच्याकडून परत आमंत्रण येण्याचा संभव नाही. एकटी राहणारी मावशी, आजारी शेजारी, निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्याकडे डबा नेला नाही तरी चालेल, वेळ न्यावा.

आपल्या घरी कोणी जेवावयास आले, तर पदार्थ एकदा विचारावा आणि 'नको' ह्या शब्दाचा अर्थ 'नको' असाच घ्यावा. पाहुण्याने का नको म्हटले ह्याची चौकशी करू नये. त्याच्या औषधाची चिठ्ठी आपल्या पंगतीत वाचली जाणार नाही, हाही पाहुणचारच आहे. आणि आपण पाहुणे असू तेव्हा पहिल्या वाढीची मनमोकळी स्तुती करावी. यजमानांना बहुतेक वेळी तेवढेच हवे असते. तिसरी पोळी हे त्या स्तुतीचे आमिष असते.

ही चाल एका घराने मोडली तर त्या घराला कंजूष म्हणतील, दोन घरांनी मोडली तर विक्षिप्त म्हणतील, आणि गल्लीतल्या चार घरांनी मोडली तर तीच रीत होईल. पहिले घर आमच्या वाचकांपैकी कोणाचे तरी असो. पुढील अंकी दिवाळीच्या फराळाचा जमाखर्च मांडू. तोवर महिन्याचे नवे पान उघडाल तेव्हा पहिली ओळ माणसाच्या नावाची लिहावी, एवढी विनंती.